शपथेची रांग

नऊची मिस्सा संपली आणि चर्चच्या बाजूच्या खोलीत दारू सोडणाऱ्यांची रांग लागली. सातजण होते. सहाजणांच्या हातात टोप्या होत्या. सातवा, पस्तिशीचा रेमिहियो, टोपी काखेत मारून उभा होता. त्याच्या हातात गेल्या वर्षीच्या शपथेचं कार्ड होतं आणि बाजूला आई होती.

आई, दोन्या तोमासा, रांगेत नव्हती. रांगेपासून दोन हात अंतर राखून, शालीचं टोक नाकाशी धरून उभी होती. उभा जन्म तिने नाकाने कांदे सोलले, हे गावात कुणाला सांगायला नको.

"काय रे सिल्वेरियो, या खेपेला किती?" पुढच्या म्हाताऱ्याला तिने हटकलं.

"तीन महिने, दोन्या. चौथ्यात पुतणीचं लग्न आहे."

"शपथ घेतोस की मुहूर्त काढतोस?"

"देव समजून घेतो हो. तुम्हीच घेत नाही."

रांग हसली. रेमिहियो हसला नाही.

कार्डावर मातेचं चित्र होतं, खाली फादरची सही आणि शपथ संपायची, म्हणजे आजची, तारीख. वर्ष पुरं झालं होतं. एक दिवस चुकला नव्हता. या दिवसाची तोमासाने वर्षभर वाट पाहिली होती आणि आता आत काहीच हललं नाही. विझल्या चुलीवरच्या तव्याला हात लावावा, तसं. पोराची दारू सुटली तसं बोलणंही सुटलं होतं. वीटभट्टीवरून यायचा, हात धुवायचा, मक्याच्या तीन भाकरी खायचा आणि भिंतीकडे तोंड करून निजायचा. पीत होता तेव्हा निदान शिव्या तरी द्यायचा.

"आणखी एक वर्ष सांग फादरना," ती म्हणाली. "आता काय, सवय लागलीच आहे."

"मला नाही लागली, आई. तुला लागलीय. रोज पहाटे माझं तोंड हुंगायची."

"मग? तुझ्या बापाचं हुंगलं नाही, तो ओढ्यात सापडला."

"तीनशे पासष्ट पहाटे मी डोळे मिटून पडून राहिलो. म्हटलं, होऊ दे म्हातारीचं हुंगून." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "वर्ष मागितलंस, दिलं. आता पुरे. सोपं वाटतं ना तुला? एकदा तूच घेऊन बघ शपथ."

कार्ड तिच्या हातात कोंबून त्याने टोपी घातली आणि दाराकडे निघाला. पुल्के दारूचं दुकान रविवारी दहाला उघडतं. दहाला पाच मिनिटं कमी होती.

मालिन्चे डोंगरावरचा वारा उघड्या दारातून आत येत होता. रांग एकेक पाऊल सरकली. सहा कार्डं लिहून झाली, सहाजण आतल्या मूर्तीपुढे जाऊन उभे राहिले. फादरनी वर न बघताच सातवं पुढ्यात ओढलं.

"नाव?"

"तोमासा रोमानो."

पेन थांबलं. "दोन्या, हे पिणाऱ्यांसाठी आहे."

"रविवारी जेवताना पेलाभर पुल्के घेते मी."

"पेलाभर तर मीही घेतो."

"मग तुम्हीही या रांगेत."

मूर्तीपाशी कुणीतरी खुदकलं आणि लगेच गप्प झालं. फादरनी पेन खाली ठेवलं, दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"त्याच्या वाटची शपथ तुम्हाला घेता येत नाही, दोन्या."

"त्याची कुठे घेतेय? माझी लिहा."

"किती दिवस?"

"वर्ष."

त्यांनी लिहिलं. दोन्या तोमासा जाऊन सहाजणांच्या ओळीत गुडघ्यांवर बसली. फरशी गार होती. लाजेने जीव जाईल असं तिला वाटलं होतं. तसलंही काही झालं नाही. खिडकीशी मिस्साच्या बायका थबकल्या होत्या, एकमेकींना कोपरं मारत होत्या. दुपारच्या आत साऱ्या गावात होणार होतं, तोमासा पिते म्हणून. आजवर दुसऱ्यांच्या घरची अशी बातमी तीच तर पोचवायची.

रेमिहियो उंबऱ्यावर थांबला होता. आत नाही, बाहेरही नाही. डोक्यावरची टोपी त्याने काढली नव्हती.

फादर एकेक शब्द सांगत गेले, सातजण मागून म्हणत गेले. तोमासाचा आवाज सगळ्यांच्या मागे पडत होता. तिला ते शब्द येत नव्हते. बाकीच्यांना पाठ होते.

उठताना तिचा गुडघा अडला. सिल्वेरियोने हात पुढे केला. तो हात तिने धरला. भिंतीलगतच्या बाकावर त्याने सरकून जागा केली.

"बस इथं. पहिला रविवार जड जातो," तो हळूच म्हणाला. "जेवलीस की बसून राहू नको. लगेच ऊठ, भांडी घासायला घे, आपली नसतील तर शेजारणीची घे. हात ओले ठेव. चार वाजले की सुटलीस."

एरवी तिने त्याला तिथल्या तिथे झाडला असता. तोंडाशी आलेलं तिने गिळलं. बाकावर टेकली.

"आणि चारनंतर?" तिने विचारलं.