उजव्या पायातले तीन मोजे

आमच्या हिशेबाने जॅरिलच्या पायांत चार मोजे होते: डाव्यात एक, उजव्यात तीन. तसे घालून तो खेळला त्या दिवसापासून संघ सलग अकरा सामने जिंकला. जिंकत असताना मोज्यांना हात लावायचा नाही, हा बास्केटबॉलवाल्यांचा नियम. एकोणीस वर्षांच्या या हुकमी खेळाडूचा फुगलेला बूट पाहून मी, संघाची फिजिओ असून, हसायचे. घोट्याला पट्टीही तो स्वतःच बांधायचा. काल आम्ही हरलो. दोन दिवसांनी बाद फेरी सुरू होणार होती. “व्रत मोडलं, बाळा! काढ आता, वास मारतोय,” कप्तान ओरडला. सगळे हसले. जॅरिल हसला नाही. “डॉक, राहू द्या ना. मला बाकावर नाही बसायचं.” मोज्यांचा बाकाशी काय संबंध? मी उजवा मोजा ओढला. खाली दुसरा नव्हताच. मी त्याची पट्टी सोडली. मोजपट्टी लावली. डावा घोटा सत्तावीस सेंटिमीटर, उजवा तेहतीस.