मागचा डावा कोपरा

नियम मोडणाऱ्याला क्षमा नाही, यावर परीक्षकांनी आयुष्य काढलं होतं. पॉलिशच्या बाटलीवर ठळक अक्षरांत नियम होता: पंधरा अंशांखाली वापरू नये. सकाळी सव्वानऊ वाजता, चार अंशांत, कानटोपी घालून परीक्षक गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला पॉलिश लावत होते.

"अहो, वाळतंय का?" बायकोने विचारलं. तिच्या हातात हेअर ड्रायर होता. त्याची वायर खिडकीतून घरात गेली होती.

"वाळलं की पांढरट साय धरते. धरली का?"

"नाही. नुसतं चिकट झालंय."

"मग नाही वाळलं. अजून जवळ आण."

ओरखडा वीतभर होता. त्यात फाटकाच्या खांबाचा हिरवा रंग गच्च बसला होता. पत्रा इतका गार होता की पॉलिश पसरायच्या आधीच आखडत होतं. परीक्षकांची बोटंही.

चौतीस वर्षं त्यांनी लायसन्सच्या परीक्षा घेतल्या होत्या. रिव्हर्स घेताना खांबाला गाडीचा वारा लागला तरी नापास. "अगदी थोडंसंच लागलं हो साहेब," असं कुणी म्हणालं की ते म्हणत, "मला नका सांगू, खांबाला सांगा." सख्ख्या पुतण्याला त्यांनी नापास केलं. बायकोला दोनदा केलं. डेंटिस्टला केलं, आणि पुढच्या आठवड्यात स्वतःची दाढ काढायला त्याच्याकडेच गेले. त्या दिवशी भूल नीट चढली नाही, पण त्यांनी तक्रार केली नाही.

मंगळवारी दुपारी त्यांना हा ओरखडा दिसला. घरात लायसन्स एकाच माणसाकडे, तेव्हा गाडी घासली कुणी हा प्रश्नच नव्हता. कधी घासली, हा होता. सोमवारी ते औषधं आणायला गेले होते. जाताना कुठला सिग्नल लाल लागला, दुकानदाराच्या स्वेटरचं कितवं बटण तुटलं होतं, सगळं आठवत होतं. फाटकापाशी आलं की मात्र कोरा कागद. आज शुक्रवार. तीन दिवस ते तो कागद उलटसुलट करून वाचत होते.

मागच्या महिन्यात त्यांचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला, तेव्हा मुलगा हसला नव्हता. "बाबा, आता गाडीवर एक जरी ओरखडा दिसला, तरी किल्ली माझ्याकडे," एवढंच म्हणाला होता. तो आज अकराला यायचा होता. किल्ली गेली की गुरुवार गेला. दर गुरुवारी ते तीस किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात जुन्या सहकाऱ्याला भेटायला जात. तिकडे बस जात नव्हती, आणि त्या सहकाऱ्याकडे दुसरं कुणी जात नव्हतं.

"मी कधी घासली गं?" त्यांनी चौथ्यांदा विचारलं.

"तुम्हाला नाही आठवत?"

"आठवलं असतं तर तुला विचारलं असतं का?"

"मग मी काय बोलणार! हात चालवा, गार होतंय."

ते घासत राहिले. जरा वेळाने म्हणाले, "खांबाला लागलो आणि कळलंसुद्धा नाही. असा माणूस माझ्यापुढे परीक्षेला बसला असता, तर..."

"नापास."

"नापास काय! गाडीतून खाली उतरवला असता."

"उतरवलाच असता तुम्ही," बायको म्हणाली. "दुसरा हात मारा आता."

दुसऱ्या हाताला साय धरली. फडक्याने पुसल्यावर हिरवा रंग गेला, ओरखडाही जवळजवळ गेला. पण आता कोपरा काल घेतलेल्या गाडीचा दिसत होता आणि बाकीची गाडी नऊ वर्षांची. सगळी गाडी करण्यावाचून इलाज नव्हता. दोघं मागच्या दरवाज्यापर्यंत पोचले, तेवढ्यात ड्रायरने जळका वास सोडला आणि तो बंद पडला. त्याच वेळी फाटक वाजलं. मुलगा दहा मिनिटं लवकर आला होता.

"या थंडीत गाडी कसली धुताय?"

"धूत नाही, पॉलिश," आई चटकन म्हणाली. "थंडीत रंगाला जपावं लागतं."

मुलाने गाडीभोवती चक्कर मारली. मागच्या डाव्या कोपऱ्यापाशी थांबला. वाकला.

"झकास! आरशासारखं दिसतंय. माझ्याही गाडीला करून द्या ना, बाबा."

पास. परीक्षकांनी खिशात हात घातला आणि किल्ली बाहेर काढली.

"घे."

"का? काय झालं?"

"मी खांबाला लागलो होतो. आत्ता पुसून टाकलं. लागण्याचं काही नाही, लोक लागतात. पण मला ते आठवत नाही. ज्याला आठवत नाही, त्याच्या हाती मी गाडी देणार नाही."

कानटोपीची गाठ सोडायचा प्रयत्न करत ते आत गेले. गाठ सुटत नव्हती. मुलगा किल्लीकडे बघत उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"आई, तुला माहीत होतं?"

"हो."

"कधी झालं हे?"

"मंगळवारी. सकाळी साडेसातला."

"म्हणजे तू गाडीत होतीस?"

"होते ना."

"मग बाबांना थांबवायचंस तरी! ओरडायचंस!"

आईने फडकं झटकलं आणि घडी घातली.

"ते कुठे होते गाडीत? ते आत दाढी करत होते."