गुरुवारचे गोड पाव

पोरांना काम शिकायला धाडण्याआधी सुतारांचे कारखाने तपासायचे, हे इजिप्तमधल्या दमिएत्ताच्या शाळेत नजाहबाईंचं काम. आईबाप त्यांच्याच भरवशावर निर्धास्त असायचे. मुख्य कारागीर उस्ता शहाताच्या कारखान्यात मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. विजेच्या करवतीच्या पात्यावर नवीकोरी जाळी, जमिनीवर भुशाचा कण नाही.

"शनिवारपासून पाठवा पोरं, बाई," उस्ता म्हणाला. "याहून जास्त धोका आमच्या बायकोच्या स्वयंपाकघरात आहे. इथं आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही."

नजाहबाईंनी हसत सहीसाठी पेन काढलं. तेवढ्यात काळ्या कपड्यांतली एक म्हातारी टोपली घेऊन आत आली. गुरुवार होता, आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं गोड पाव वाटायचा दिवस. कुणी न सांगता कारागिरांनी करवत थांबवली आणि खाली मान घालून एकेक पाव घेतला. उस्तानं तेवढी पाठ फिरवली.

"मावशी, हे तर कबरस्तानात वाटतात ना?" नजाहबाईंनी विचारलं.

म्हातारीनं त्यांच्याही हातावर पाव ठेवला.



"तिथं नुसतं पुरलंय गं त्याला," ती म्हणाली. "लेक माझा गेला तो इथं."