शून्य थकवा

मुलांनो, अशी भुयारी मेट्रो डोळ्यांसमोर आणा, जिथला दांडा हातात धरला की तो कातडीतून तुमचा थकवा मोजतो आणि सगळ्यांत दमलेल्या माणसालाच खुर्ची उघडून देतो.

इस्पितळाच्या धोबीखान्यात दिवसभर चादरी धुऊन निघालेल्या वनिताने दांडा धरला. सोड्याने तिचे तळवे पार दगड झाले होते. दांड्यावर शून्य उमटलं.

“मावशी, तुम्ही तर ताज्यातवान्या! सरका पुढे,” मागचा तरुण हसला.

वनिता दाराला टेकून उभी राहिली. “जाऊ दे गं, बाराच तर स्टेशनं आहेत,” ती सोबतच्या लेकीला म्हणाली.

“आई, याला तुझे तळवे कळतच नाहीत,” आठ वर्षांची जुई म्हणाली. तिने आईचा हात उलटा केला आणि मनगटाची मऊ बाजू दांड्याला घट्ट लावून धरली. दांड्यावरचा आकडा भराभर चढला आणि खुर्ची उघडली.