मास्तरांचं पाठांतर

“आपण कोण?” मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“मी तुमचा नाटकाच्या वर्गातला विद्यार्थी, मास्तर,” हिरोने तिसऱ्यांदा सांगितलं.

सगळं शहर त्याला हिरो म्हणायचं. साठी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. तो रस्त्यात उभा राहिला की रहदारी थांबायची. इथे मात्र मास्तर चष्म्याच्या काडीने चहा ढवळत होते. त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

चार दिवसांपूर्वी त्यांच्या मुलीचा फोन आला होता. “बाबांना आता काहीच आठवत नाही. भेटायचं असेल तर येऊन जा.” तीस वर्षांत तो या घराकडे फिरकला नव्हता. फोन ठेवल्यावर त्याला वाईट वाटलं आणि मग, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं.

त्याचं आत्मचरित्र छापायला निघालं होतं आणि एकच प्रकरण घशात अडकलं होतं. ते छापावं, तर उभ्या आयुष्याची अब्रू धुळीला मिळणार. गाळावं, तर मास्तर कधीतरी तोंड उघडणार.

“ताई, मला जरा एकट्याने बोलायचंय त्यांच्याशी.”

“बोला ना. पण त्यांना कळेल असं काही नाही हं,” ती म्हणाली आणि वडिलांकडे न बघताच आत गेली.

हिरोने दोनदा खाकरून घसा साफ केला.

“मास्तर, माझ्या पहिल्या सिनेमातला म्हातारा तुम्ही करणार होतात. मी निर्मात्याला जाऊन सांगितलं, मास्तरांना हल्ली संवाद पाठ राहत नाहीत, ऐनवेळी फजिती होईल. साफ खोटं होतं ते. त्याने तुम्हाला काढलं. दाढी चिकटवून मी म्हातारा झालो आणि रातोरात मोठा झालो. तुम्हाला पुन्हा कुणी विचारलं नाही. मला माफ करा.”

त्याला रडू कोसळलं. ग्लिसरीनशिवाय तो कित्येक वर्षांनी रडत होता.

मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “रडू नका. दिसायला बरे आहात की! सिनेमात का नाही प्रयत्न करत?”

हिरोला रडता रडता हसू फुटलं.

“ओळखलं का?” दारात ताईने विचारलं.

“नाही. असू दे, त्यांना त्रास नको.”

दार बंद झालं. लिफ्टची वाट बघत त्याने प्रकाशकाला फोन लावला. “ते प्रकरण काढून टाका. हो, कायमचं.” त्याला अगदी पिसासारखं हलकं वाटत होतं.

तेवढ्यात दाराआडून मास्तरांचा खणखणीत आवाज आला. “त्या दिग्दर्शकाला फोन लाव गं. विसराळू म्हाताऱ्याचं काम मी घेतलं म्हणावं. तालीम झाली. मुद्दाम हिरोलाच बोलावलं, आणि एवढ्या मोठ्या नटालाही शंका आली नाही.”

“पण बाबा, पाठांतराचं काय? ते पहिलं तेच विचारतील.”

“ऐक तर मग.”

आत कुणीतरी दोनदा खाकरलं. आणि मास्तरांच्या तोंडून हिरोला स्वतःचाच आवाज ऐकू आला, “मास्तर, माझ्या पहिल्या सिनेमातला म्हातारा तुम्ही करणार होतात. मी निर्मात्याला जाऊन सांगितलं…”