चोख तपासणी

घरतपासणीत उपेंद्रचा हात धरणारा दुबईजवळच्या रास अल खैमात कोणी नव्हता, आणि तेच त्याच्या मुळावर आलं होतं. "तुला मीच घडवलं, असा सोडीन होय?" म्हणत मालक अण्णासाहेबांनी नोकरी बदलायचं एनओसी तीनदा नाकारलं होतं, पासपोर्टही त्यांच्याच कपाटात. म्हणून आज पहिला दिसेल तो दोष मुद्दाम सोडायचा, तक्रार आली की साहेब स्वतःच हाकलतील, असं त्यानं ठरवलं. भिंती, फरशा, नळ सगळं ठीक निघालं. बाथरूममध्ये गीझरच्या पत्र्याला टेस्टर टेकवताच दिवा पेटला. पत्र्यात करंट उतरला होता. त्यानं कागदावर 'ओके' लिहिलं. "भाऊ, पाणी तापलंय, मुलांना आंघोळीला पाठवू ना?" भाडेकरू वासंतीवहिनींनी दारातून विचारलं. "थांबा," म्हणत त्यानं 'ओके' खोडलं. अहवाल वाचून अण्णासाहेबांनी त्याची पाठ थोपटली. "यल्ला, चल, तुझा व्हिसा आणखी तीन वर्षं वाढवतो."