लिफ्ट का थांबली नाही

“चोर कंपनी!” मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि सगळं सभागृह बाकं बडवायला लागलं.

व्यासपीठावरच्या इंजिनिअरबाईंनी माइक घट्ट धरला. मागे पडद्यावर ‘इंजिनिअर व्हा, उद्याचं जग घडवा’ असं मोठ्या अक्षरांत झळकत होतं. दहावीच्या मुलांपुढे बोलायला त्यांना लिफ्टच्या कंपनीने पाठवलं होतं. याच वस्तीतल्या एका इमारतीत कंपनीची लिफ्ट कोसळली, त्याला महिनाही झाला नव्हता. लोकांचा राग निवावा म्हणून शाळेला नवी प्रयोगशाळा देऊ केली होती, आणि वर हे भाषण. लोकांच्या शिव्या खायला आपल्यालाच पुढे केलंय, हे बाई सकाळपासून ओळखून होत्या.

मुख्याध्यापकांनी दोनदा दटावलं. कुणी जुमानलं नाही. पहिल्या रांगेत कंपनीचे मोठे साहेब पायावर पाय टाकून बसले होते. ‘चालू ठेवा,’ असं त्यांनी हातानेच खुणावलं.

“मुलांनो, विज्ञान शाखेला आज फार मोठा वाव आहे…”

“बस करा!”

एक मुलगी उठून उभी राहिली. बाकं आपोआप शांत झाली. तिला सगळेच ओळखत होते.

“माझी ताई होती त्या लिफ्टमध्ये. अजून अंथरुणात आहे. कूस बदलायलाही तिला आई लागते. आम्हाला कशाला इंजिनिअर करताय? तुम्ही झालात ना? मग लिफ्ट थांबली का नाही?”

“चौकशी सुरू आहे,” बाई म्हणाल्या. एवढं वाक्य कंपनीने त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

“तुमची चौकशी तुम्हीच करणार! थापा मारायला आलात इथे!” मुलीचा आवाज चिरकला, पण ती खाली बसली नाही.

बाईंनी माइक टेबलावर ठेवला. बाजूच्या फळ्याशी जाऊन त्यांनी खडू उचलला. दोन उभे रूळ काढले. मध्ये लिफ्टचा डबा. डब्याखाली दोन जबडे.

“लिफ्ट जोरात खाली यायला लागली, की हे जबडे रुळांना आवळून धरतात. डबा जागच्या जागी थांबतो. तुझ्या ताईच्या वेळी ते गंजून अडकले होते.”

“मॅडम!” साहेब ताडकन उठले.

बाई फळ्याकडेच बघत होत्या. “दर महिन्याला ते साफ करायचे असतात. खर्च वाचवायला कंपनीने सहा महिन्यांनी करायचं ठरवलं. मी हरकत घेतली. मला झापलं. मग मी गप्प बसले.”

“गप्प बसलात,” मुलगी म्हणाली.

“हो.”

साहेब फोन कानाला लावून तरातरा बाहेर पडले.

बाई फाटकापाशी आल्या, तेव्हा कंपनीची गाडी त्यांना न घेताच निघून गेली होती. रखवालदाराने त्यांना पाहून तोंड फिरवलं. घोळक्यातून कुणीतरी शिवी हासडली. त्या फाटकाबाहेर बसची वाट बघत उभ्या राहिल्या. मागून ती मुलगी आली.

“तुम्हाला काढलं?”

“आत्ताच फोन आला. उद्यापासून येऊ नका म्हणाले.”

“बरं झालं.”

बाई बसच्या दिशेने रस्त्याकडे बघू लागल्या. मुलगी मात्र हलली नाही. पायाने एक खडा उगाच इकडे तिकडे लोटत राहिली.

“ते जबडे वगैरे कळायला काय शिकावं लागतं?”

“आधी गणित. मग भौतिकशास्त्र.”

“गणितात मी ढ आहे.” तिच्या नजरेतला राग तसूभरही कमी झाला नव्हता. “आणि तुम्ही आता रिकाम्याच. उद्यापासून येऊ?”